‘दुसरं काउंटर उघडा की!’ : सुपरमार्केटच्या साखळीतली नोकरी, आतून

अबोली_पिंपरी

‘मॉलमधली माणसं किती मख्ख असतात’ या धाग्यावर गेल्या आठवड्यात बरीच धुणी धुऊन झाली. त्या मख्खांपैकी मी एक होते, म्हणून हा वेगळा धागा.

बी.कॉम. झाल्यावर पिंपरी-चिंचवडमधल्या एका मोठ्या साखळीच्या दुकानात कॅशियर म्हणून लागले, पुढे किराणा विभाग सांभाळला आणि मुलगी झाल्यावर सोडलं. कंपनीचं नाव विचारू नका. माझ्याबरोबरची निम्मी पोरं या कंपनीतून त्या कंपनीत फिरलेली होती आणि रड सगळीकडची सारखीच होती, तेव्हा नावाने तसाही फरक पडत नाही.

सुरुवात मागच्या दारापासून. कर्मचाऱ्यांना पुढच्या दाराने प्रवेश नाही. मागे सिक्युरिटीकडे रजिस्टर असतं, त्यात नाव, वेळ आणि अंगावर किती पैसे आहेत ते लिहायचं. १४० रुपये असतील तर १४०. जाताना त्याहून जास्त निघाले तर ते कुठून आले हे पटवून देणं तुमच्याकडे लागलं. मोबाईल लॉकरमध्ये. घरून बिस्किटांचा पुडा आणला असेल तर येतानाच तो दाखवून त्यावर सिक्युरिटीची सही घ्यायची, कारण तोच पुडा आत शेल्फवर आहे. निघताना डब्याची पिशवी उघडून दाखवायची. पहिले काही दिवस मला याचा फार अपमान वाटायचा. मग सवय झाली, आणि सवय झाली याचंही वाईट वाटेनासं झालं.

मग काउंटर. सकाळचे सुट्टे मोजून घ्यायचे, त्याला फ्लोट म्हणतात, आणि स्वतःच्या आयडीने लॉगिन करायचं. दिवसभरात त्या आयडीवर जे होईल ते तुमच्या नावावर. रात्री पाचशेच्या किती, शंभरच्या किती हे कागदावर लिहून द्यायचं. मशीनचा आकडा तोवर तुम्हाला दाखवत नाहीत. आधी तुमची मोजणी, मग मशीनची. कमी भरले तर शॉर्ट. जास्त भरले तरी सुटका नाही, कारण जास्त आले म्हणजे कुणा गिऱ्हाइकाला परत देताना कमी दिलेत.

आता गंमत बघा. रुपयारुपयाचा जाब विचारणाऱ्या त्या दुकानात माझ्या हाताने ठरवण्यासारखं काही म्हणजे काहीच नव्हतं. शेल्फच्या पट्टीवर तूप ५४९ आणि बिलात ५९९ आलं, तर मला कळतंय की ऑफर रात्री बाराला संपली आणि पट्ट्या बदलणारा मुलगा अजून त्या गल्लीपर्यंत पोचलेला नाही. पण किंमत बदलायला सुपरवायझरचं कार्ड लागतं. सुपरवायझर गोडाऊनला. मागे लांबलचक रांग. गिऱ्हाईक म्हणतं, ‘लुटायला बसलात इथे!’ मी बसले नव्हते हो, सकाळपासून उभीच होते.

पिशवीचे पैसे, मोबाईल नंबर विचारणं, ‘ॲप आहे का’, दोनावर एक फुकट पण तिसऱ्याचा वास वेगळा असेल तर नाही, एका बिलावर साखर पाचच किलो. यातलं एकही आमच्या स्टोअरमध्ये ठरलेलं नव्हतं. कुठेतरी मुख्य कार्यालयात ठरायचं, मेलवर यायचं आणि त्याच्या शिव्या काउंटरवर वसूल व्हायच्या. ठरवणारा कधी गिऱ्हाइकासमोर येत नाही आणि समोर असणाऱ्याला ठरवता येत नाही. माणूस मख्ख होतो तो यामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी लिहा. ज्यांनी नुसती खरेदी केलीय त्यांनीही लिहा, ऐकून घ्यायची सवय आहे.

टिवल्याबावल्या

वाचतोय. दोन शंका. वीस काउंटर असताना पाचच चालू का असतात? आणि शॉर्ट आली तर पगारातून कापतात का?

अबोली_पिंपरी

दुसरीचं उत्तर देते. आमच्याकडे रक्कम लहान असली की दुसऱ्या दिवशी घरून आणून भरून टाकायची, असा रिवाज होता. लेखी कुठे काही नाही. ‘भरून टाक, नाहीतर रिपोर्टमध्ये नाव जाईल,’ एवढंच. मोठी असेल तर कॅमेरे, जबाब, सगळं. पहिलीचं उत्तर कुणी मॅनेजर असेल तर द्यावं.

कलमबहाद्दर

शॉर्टबद्दल: कामगाराच्या निष्काळजीपणामुळे पैशाचं नुकसान झालं तर पगारातून कापता येतं, पण आधी त्याला कारण दाखवायची संधी द्यावी लागते आणि नुकसानीहून जास्त कापता येत नाही. हा नियम १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून आहे आणि नव्या वेतन संहितेतही तशीच तरतूद आहे. ‘घरून आणून भर’ ही पद्धत यात कुठेच बसत नाही. म्हणूनच ती तोंडी असते.

ष्टोर_म्यानेजर

काउंटरवाल्या प्रश्नासाठी मला खास लॉगिन करावं लागलं. 😀

तुम्ही रविवारी संध्याकाळी सातला येता. मंगळवारी दुपारी तीनला या, पाचातले दोन कॅशियर कपाळावर हात लावून उभे दिसतील. काउंटर बांधतात दिवाळीच्या गर्दीच्या मापाने. माणसं मंजूर होतात सरासरी विक्रीच्या मापाने. त्या मंजूर माणसांतले काही सोडून गेलेले, काहींची साप्ताहिक सुट्टी, एखादी आजारी. जे उरतात त्यांत बिलिंग चालवायचं. आमच्याकडे नवा मुलगा तीन महिने टिकला की तो जुना धरतात.

आणि ‘माणसं वाढवा’ म्हणणं सोपं आहे. किराण्यात सुटतं किती? डीमार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईत सुरू झालं. त्याचे मालक दमाणींनी बहुतेक जागा भाड्याने न घेता विकतच घ्यायच्या असं धोरण ठेवलं, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते केले आणि त्या जोरावर खरेदीचा भाव पाडून घेतला. गिऱ्हाइकाला त्या भावाची सवय लागली. आता बाकीच्यांनी भाडं भरून त्याच भावात विकायचं. भाडं कमी होत नाही, एसीचं बिल कमी होत नाही. मग कात्री कुठे लागते ते अबोलीताईंनी लिहिलंच आहे.

ठरवण्याबद्दल म्हणाल तर मॅनेजरही तुमच्याच पंगतीत. कुठल्या शेल्फवर काय, डोळ्यांच्या उंचीला कुठला ब्रँड, याचा नकाशा वरून येतो, त्याला प्लॅनोग्राम म्हणतात. गल्लीच्या तोंडाशी जो ढीग दिसतो त्या जागेचे कंपन्यांनी पैसे मोजलेले असतात. आषाढीच्या आधी भगर आणि राजगिरा दुपटीने जाणार हे माझ्या भागातलं शेंबडं पोर सांगेल. पण त्यासाठी मला दोन आठवडे मेल टाकत बसावं लागतं, आणि पोंगलचा गूळ मात्र न मागता येऊन पडतो!

निवृत्त_नाना

अबोली, छान लिहिलं आहेस. मी गिऱ्हाईक या नात्याने लिहितो.

आमचं लहानपण मुंबईतल्या नायगावातलं. अपना बाजार तिथलंच, १९४८ साली गिरणी कामगारांच्या वस्तीत सहकारी तत्त्वावर उभं राहिलेलं. घरातला माणूस सभासद असायचा, त्यामुळे तक्रार करायची तर आपल्याच माणसाकडे केल्यासारखी वाटायची. आता मुलगा मला ज्या दुकानात नेतो तिथे तक्रार केली तर ‘टोल फ्री नंबरवर सांगा’ म्हणतात. तिथली मुलगी हे उद्धटपणे म्हणते असा माझा समज होता. तिच्याकडे दुसरं उत्तरच नसतं, हे आज तुझ्या लिखाणातून समजलं.

एक शंका. सामान नको वाटलं की लोक कुठेही ठेवून देतात. त्याचं पुढे काय होतं?

अबोली_पिंपरी

नाना, हा फार जिव्हाळ्याचा विषय काढलात.

दुकान बंद झाल्यावर सगळ्या गल्ल्यांमधून आणि काउंटरखालून असं सामान गोळा करून ट्रॉल्या भरायच्या आणि जिथलं तिथे लावायचं. दहाला शटर पडलं तरी आम्ही अकरा-सव्वाअकरापर्यंत आतच, ते यासाठी. साबण, तेल, चड्ड्या याचं काही नाही, परत जागेवर जातं. पण पनीर! नको वाटलं की लोक फ्रीजपर्यंत जायचा कंटाळा करतात आणि पनीर डिटर्जंटच्या मागे सरकवून देतात. फ्रोझन मटार पापडांच्या गठ्ठ्यांत. ते सापडेपर्यंत गेलेलं असतं. फेकायचं, आणि फेकलं की विभागाच्या नुकसानीत धरायचं.

या नुकसानीला श्रिंकेज म्हणतात. त्यात चोरी येते, फाटलेली पाकिटं येतात, कांद्या-बटाट्याची वजनातली घट येते, माल उतरवून घेताना मोजणीत झालेला घोटाळा येतो. ‘चाखून बघतो’ म्हणून मनुका खाणारे काकाही यातच येतात. महिन्याला ठरावीक टक्क्यांच्या आत ते ठेवायचं. वर गेलं की मीटिंगमध्ये विभागप्रमुख उभा. म्हणूनच सुकामेवा, ब्लेड आणि डिओ आमच्याकडे कॅमेऱ्याच्या बरोबर खाली.

तारखा बघणं हे दुसरं कलम. ज्याची तारीख आधी संपते तो माल पुढे, नवा मागे. दर आठवड्याला पूर्ण गल्ली हाताने फिरवायची. रव्याची, मैद्याची, बेसनाची पाकिटं एकेक उचलून तारीख वाचायची. गुडघ्यावर बसून खालचा कप्पा, मग उठायचं. आम्ही दुपारभर मांडणी करायची आणि संध्याकाळी जाणकार गिऱ्हाइकांनी हात घालून मागची पाकिटं ओढायची. (मीही आता गिऱ्हाईक म्हणून मागचंच पाकीट घेते. चालायचंच.)

वाणीदादा

माझं स्वतःचं किराणा दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. वरचं सगळं वाचून आमच्यासारख्यांचं बरं चाललंय असं वाटलं. गिऱ्हाईक चिडलं तर समोर मी असतो. पट्टी चुकली तर मी जागच्या जागी भाव कमी करतो. माझ्याकडचा पोरगा वडिलांच्या काळापासून आहे. त्याच्या बहिणीच्या लग्नाला उचल दिली, एक पैसा व्याज नाही. कुठली साखळी देते?

चष्मिष

आणि त्याचा पीएफ?

वाणीदादा

पीएफ नाही. आमच्याकडे माणसंच तीन. पण दुखलंखुपलं तर डॉक्टर मीच करतो.

संत्रानगरी

वाणीदादा, राग मानू नका. उचल दिली म्हणजे पोरगा बांधला गेला ना भाऊ. फिटेपर्यंत तो दुसरीकडे जाऊ शकत नाही. मी नागपुरात दोन्ही केलं. आधी इतवारीत एका ठोक व्यापाऱ्याकडे, मग मोठ्या साखळीत. व्यापारी माणूस चांगला, पण सुट्टी मागायला गेलो की ‘घरचाच आहेस तू’ म्हणायचा. घरच्याला सुट्टी नसते. साखळीत मी पहिल्यांदा पगाराची स्लिप पाहिली. ती दाखवून दुचाकीचं कर्ज झालं. हे छोटं नाही.

पण तिथेही दोन जाती आहेत, ते अबोलीताईंनी लिहिलं नाही. एक ऑन रोल, म्हणजे कंपनीचे. दुसरे एजन्सीचे. कपडे तेच, काम तेच. ओळखपत्राची दोरी तेवढी वेगळी. एजन्सीवाल्याला बोनसची मिठाई येते, बोनस येत नाही. तक्रार केली तर मॅनेजर म्हणतो एजन्सीला विचार, एजन्सीवाला म्हणतो स्टोअरला विचार. मी दीड वर्ष एजन्सीत काढलं, मग रोलवर घेतलं. माझ्याबरोबरचे कितीतरी तिथेच राहिले.

लॉकडाऊनची गोष्ट तर राहिलीच. मार्च २०२० मध्ये सगळं बंद, आम्ही चालू, कारण जीवनावश्यक. पोलिसांना दाखवायला पास. बाहेर चुन्याचे गोल आखलेले, आत एका वेळी मोजकी माणसं. लोक कॅशियरला हात न लावता कोपऱ्याने नोट सरकवायचे. आमच्याकडे आलेल्या नोटा आम्ही कुठे सरकवायच्या? तेव्हा लोक ‘थँक यू’ म्हणायचे मात्र. नंतरच्या दिवाळीत पुन्हा ‘दुसरं काउंटर उघडा’ सुरू.

कलमबहाद्दर

चर्चा चांगली चालली आहे. कायद्याचं थोडं घालतो, कारण आतल्या बहुतेकांना हे माहीत नसतं.

महाराष्ट्रात दुकानांसाठी २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, १९ डिसेंबर २०१७ पासून लागू. त्याने दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवायची मुभा दिली. दुकानाला, माणसाला नव्हे. माणसाला आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी, आणि त्या दिवशी बोलावलं तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी. मूळ कायद्यात दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८. त्यावर कामाला दुप्पट दर. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिवसाचे नऊचे दहा तास करायला आणि दहाऐवजी वीस माणसांच्या आस्थापनांपासून कायदा लावायला मंजुरी दिली. मोठी साखळी कशीही त्यात येतेच. बायकांना रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर त्यांची संमती हवी आणि घरापर्यंत पोचवायची सोय हवी. अबोलीताईंचं ‘सव्वाअकरापर्यंत आतच’ मी दोनदा वाचलं.

वर्षाला आठ किरकोळ रजा आणि आठ पगारी सणाच्या सुट्ट्या. त्यातल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. आता यातल्या किती तारखांना सेल असतो ते तुम्हीच आठवा.

अबोली_पिंपरी

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला सुट्टी हा विनोद तुम्ही आमच्या ब्रेक रूममध्ये सांगायला हवा होता. बिग बझारने २००६ च्या २६ जानेवारीला ‘सबसे सस्ता दिन’ काढला, गर्दी आवरेना झाली, आणि तेव्हापासून ती तारीख सगळ्यांनीच धरली. आमच्याकडे त्या आठवड्यात सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. शिवाय दर महिन्याची एक ते दहा तारीख, पगाराचा आठवडा म्हणून. रविवार तर कधीच नाही. माझी सुट्टी बुधवारी असायची. नातेवाइकांची सगळी लग्नं, बारशी, साखरपुडे शनिवार-रविवारी. मी सगळ्यांना फोटोतच भेटले. आता संमतीबद्दल. संमतीचा कागद कामावर रुजू होतानाच्या कागदांत असतो, एका दमात सगळ्या सह्या. घरी पोचवायला गाडी होती, पण ती निगडीला जायची तेव्हा चिखलीवाल्या मुलींना पाऊण तास थांबावं लागायचं. बहुतेकींचे भाऊ-नवरेच न्यायला यायचे.

शाम्पूवाली

मी दुकानाची नव्हे, शाम्पू कंपनीची. लोकांना हे कळतच नाही. साबण-शाम्पूच्या गल्लीत जी मुलगी ‘मॅडम, हा बघितलात का?’ म्हणून पुढे येते, तिचा पगार त्या ब्रँडकडून एजन्सीमार्फत येतो. दुकानदार तिच्याकडून स्वतःचीही कामं करून घेतो, ते वेगळं. ट्रॉली उचल, पट्टी लाव, गर्दीत पिशव्या भरायला ये. नाही म्हटलं तर ‘उद्यापासून दुसरी मुलगी पाठवा’ असा फोन जातो.

माझं टार्गेट बाटल्यांत. शेजारी दुसऱ्या कंपनीची मुलगी, तिचंही बाटल्यांत. एकच गिऱ्हाईक, आम्ही दोघी. पण दुपारी डबा एकत्रच खायचो, आणि महिनाअखेरीला तिच्या दोन-चार बाटल्या कमी पडत असतील तर मी गिऱ्हाईक तिच्याकडे वळवायची. तीही वळवायची. दोन्ही कंपन्यांना हे कळलं तर झीट येईल.

उभं राहण्याबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते. बसायचं नाही. गिऱ्हाईक नसलं तरी नाही. शेल्फला टेकायचं नाही, कॅमेऱ्यात दिसतं. तिशीच्या आत पायाच्या शिरा फुगलेल्या मुली मी पाहिल्यात. टाचांचं दुखणं तर सगळ्यांनाच. आणि टॉयलेट तळघरात. जायचं तर फ्लोअर सोडायला विचारायचं, म्हणून मुली पाणीच कमी पितात. पुढे काय होतं ते कुठल्याही बाईला सांगायला नको.

कलमबहाद्दर

शाम्पूवाली ताई, हेच केरळात झालं होतं. कोळिक्कोडच्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेत कपड्यांच्या दुकानांतल्या बायकांना दिवसभर बसू द्यायचे नाहीत आणि लघवीलाही सोय नव्हती. पी. विजी या शिंपीकाम करणाऱ्या बाईने त्यांना एकत्र केलं, ‘पेण्कूट्टू’ नावाची संघटना उभी केली. वर्षानुवर्षं भांडल्यावर २०१८ मध्ये केरळने कायदा बदलला आणि दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं मालकावर बंधनकारक केलं. तामिळनाडूने २०२१ मध्ये तसंच केलं. चेन्नईची मोठमोठी कापडाची आणि दागिन्यांची दुकानं त्यात आली.

राईनकाठ

मी जर्मनीत कोलोनला शिकतो आणि एका सुपरमार्केटमध्ये अर्धवेळ काम करतो. इथे आम्हा बाहेरच्या विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची परवानगी आहे, मार्च २०२४ पासून. आधी १२० आणि २४० होती.

इथला कॅशियर बसतो. चाकाची खुर्ची, उंची कमी-जास्त होणारी. पहिल्या दिवशी मी सवयीने उभा राहून बिलं करत होतो, तर मागच्या आजीने विचारलं की खुर्ची मोडली आहे का. रविवारी दुकानं बंद, म्हणजे सगळ्यांची एकाच दिवशी सुट्टी. पुढचं वेळापत्रक आधी हातात मिळतं.

पण ‘युरोपात सगळं छान’ असं समजू नका. वेग! माल पट्ट्यावरून येतो, मी स्कॅन करून पुढे ढकलतो, आणि पिशवीत भरायचं काम गिऱ्हाइकाचं. त्याचं भरून होत नाही तोवर पुढच्याचं सुरू. फळं-भाज्यांचे कोड पाठ लागतात. केळं, ब्रोकोली, लाल सिमला मिरची, सगळं आकड्यांत. मिनिटाला किती वस्तू मारल्या ते मशीन मोजतं. रिकाम्या बाटल्या परत घेणारं यंत्र तुंबलं की आत हात घालून साफ करायचं, त्या बिअरच्या वासाला तोड नाही. पोरगा इंजिनिअरिंगचं मास्टर्स करतोय असं आईला वाटतं, ते बरंच आहे.

अवांतर: वॉलमार्ट १९९७ मध्ये जर्मनीत आलं आणि २००६ मध्ये गाशा गुंडाळून गेलं. कारणं बरीच, पण दारात हसून स्वागत करणारी माणसं आणि सकाळच्या घोषणा इथल्या लोकांच्या पचनी पडल्या नाहीत हा किस्सा इथे अजून सांगतात.

अबोली_पिंपरी

सकाळच्या घोषणा आमच्याकडे होत्या हो! शटर उघडायच्या आधी सगळे गोलात, कालची विक्री, आजचं टार्गेट, मग टाळ्या आणि कंपनीचं ब्रीदवाक्य तीनदा. ज्या मुलीला आदल्या रात्री मीटिंगमध्ये झापलेलं असायचं, तिलाच बरोबर पुढे बोलावून वाक्य म्हणायला लावायचे.

टिवल्याबावल्या

एवढं सगळं असूनही तुम्ही बरीच वर्षं टिकलात. का?

अबोली_पिंपरी

पगार सात तारखेच्या आत खात्यात, एकदाही चुकला नाही. त्या दुकानात मी एक्सेल शिकले, माल मागवायचं गणित शिकले, चाळीस माणसांचं वेळापत्रक लावायला शिकले. आज एका छोट्या कंपनीचं स्टोअर आणि हिशेब मी सांभाळते ते त्याच जोरावर. बारावी नापास झालेली एक मुलगी आमच्याकडे ट्रॉल्या गोळा करायला लागली, ती आज दुसऱ्या शहरात विभागप्रमुख आहे. कागदावर काय आहे ते न बघता काम बघून वर घेणाऱ्या जागा आपल्याकडे फार नाहीत. तिथे घेतात. पण वर घेतात म्हणजे तुम्हाला पुन्हा दुसऱ्याचंच ठरलेलं राबवायला घेतात, एवढं लक्षात ठेवून जायचं.

ष्टोर_म्यानेजर

हे शेवटचं वाक्य मी आमच्या रिजनल साहेबांना पाठवू का? (नाही पाठवणार. घराचा हप्ता चालू आहे.)

दोन_फुलं

उशिरा वाचला धागा. माझ्या भाच्याला साताऱ्यात एका साखळीत दिवाळीपुरतं काम मिळतंय, एजन्सीमार्फत. ‘चांगलं काम केलंस तर पुढे कायम करू’ म्हणालेत. घ्यावं का? पोरगा बारावी झालाय, घरी बसून आहे.

संत्रानगरी

घ्यावं. पण ‘कायम करू’ हे तोंडी असेल तर ते नाहीच समजून घ्यावं.

कलमबहाद्दर

एजन्सीचं नियुक्तिपत्र मागून घ्यायला सांगा, व्हॉट्सॲपवर पीडीएफ आलं तरी चालेल. पीएफचा यूएएन नंबर आणि ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, नंबर पहिल्या महिन्यातच विचारायचा. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होतो. त्याच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालकाचे सव्वातीन टक्के. कापताहेत आणि भरत नाहीत असं होतं, म्हणून दोन्ही नंबर ऑनलाइन तपासत राहायचं. आणि स्वतःची हजेरी स्वतःच्या वहीत, येण्या-जाण्याच्या वेळेसकट.

शाम्पूवाली

चांगले बूट घेऊन द्या त्याला. युनिफॉर्मबरोबर जे देतात ते नाही, स्वतःच्या पैशाने, जाड तळव्याचे. पहिल्या पगाराची वाट बघू नका.

अबोली_पिंपरी

त्याला बिलिंग आणि गोडाऊन यांतलं निवडायला मिळालं तर गोडाऊन घे म्हणावं. हमाली आहे, पण माल कसा येतो, कसा मोजतात, कुठे गळतो हे तिथे कळतं आणि कायम करताना त्याच पोरांना आधी विचारतात. कॅशवर दिलं तर रात्रीच्या मोजणीच्या कागदाचा फोटो काढून ठेवायचा. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, तेव्हा कागदाची दुसरी प्रत मागायची. देतात, मागितली तर.

दोन_फुलं

सगळ्यांचे आभार. बूट आजच घेतो. नियुक्तिपत्राचं विचारलं तर ‘दिवाळीनंतर मिळेल’ म्हणताहेत.

कलमबहाद्दर

मग रुजूही दिवाळीनंतर होतो म्हणावं, आणि बघा दोन दिवसांत पत्र येतं की नाही.